देवगिरीची अंधारी आणि तिचा वाटाड्या

परक्याने वाट चुकून प्राणास मुकावे, ह्या हेतूने ज्या दुर्गाची रचना झाली, त्याच दुर्गावर परक्याला वाट दाखवून उदरनिर्वाह करणारा एक वर्ग पुढे निर्माण व्हावा, ही इतिहासातील मोठी मार्मिक विसंगती होय. देवगिरीचा कातळात खोदलेला खंदक ओलांडला की डोंगराच्या पोटातून वर चढणारी ‘अंधारी’ लागते. तिची वळणे आणि फसव्या वाटा ठाऊक असणे हा एके काळी किल्लेदाराच्या विश्वासातील शिबंदीचा अधिकार होता, आणि तेच गुह्य आज मशाल हाती धरलेला वाटाड्या अल्प मोबदल्यात कोणाही प्रवाशापुढे उघडे करतो.

ह्या कथनपरंपरेचे वय थोडके नव्हे. महंमद तुघलकाने राजधानी येथे हलवून स्थळाचे नाव दौलताबाद केले, त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या इब्न बतूताने बालेकिल्ल्यावर चढण्याच्या आणि रात्री वर ओढून घेतल्या जाणाऱ्या कातडी शिडीचे वर्णन केले आहे. परंतु तेथील तळघरांतील मांजराहून थोर उंदरांची हकीकत मात्र त्याने, तेथे कैद भोगलेल्या मलिक खत्ताब नामक अफगाण सरदाराच्या तोंडून ऐकून लिहिली. तात्पर्य, भयकथा ऐकवणारा आणि ती विस्मयाने ऐकणारा, ही जोडी ह्या गडावर चौदाव्या शतकापासून नांदत आहे.

तथापि तवारिखा चाळल्या असता निराळीच गोष्ट आढळते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा यादव राजा रामदेवरायाने धान्याच्या म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. १६३३ साली मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले खरे, पण मलिक अंबरचा पुत्र फतेहखान ह्याने बालेकिल्ला स्वाधीन केला, तो आतील रसद आटल्यामुळे. दोन्ही प्रसंगी शरणागती पत्करावी लागली, ती अंधारी भेदली गेल्यामुळे नव्हे, तर अन्नावाचून.

कढत तेल आणि अंधारातील कडेलोट ह्यांच्या वर्णनाने अंगावर शहारे आणणारा वाटाड्या कोठाराविषयी सहसा बोलत नाही, ह्यात त्याचा दोष अल्पच. भयाला गिऱ्हाईक मिळते, उपासमारीला मिळत नाही. परंतु अंधारीतून उजेडात आल्यावर जो प्रवाशाला क्षणभर थांबवून त्या मिठाच्या गोण्यांची हकीकत ऐकवील, त्याचा मुशाहिरा दुप्पट करण्यास कोणाची हरकत नसावी.