निगेटिव्ह कोणाची?

लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, की आमच्या बेळगावकडे हल्ली एक नवा हिशेब सुरू होतो. फोटोग्राफरने अल्बम दिलेला असतो, त्याचे पैसेही चुकते झालेले असतात. मग वधूपिता विचारतो, ‘सॉफ्ट कॉपी?’ फोटोग्राफर म्हणतो, ‘तिचे वेगळे पडतील.’ आणि आवाज चढतो. ‘फोटो काढल्याचे पैसे दिले की हो! फाइल द्यायला कसले पैसे? त्यात कागद आहे की शाई?’ हा संवाद मी मराठीत ऐकला आहे, कन्नडमध्येही ऐकला आहे, आणि दोन्ही भाषांत फोटोग्राफरला धड उत्तर देता आलेले पाहिलेले नाही. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांचे जुने आहे. मात्र ते निम्मे त्याच्या बाजूचे आणि निम्मे त्याच्या विरुद्ध आहे.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली ‘कॅबिनेट’ आकाराची छायाचित्रे ज्यांच्या घरी अजून असतील त्यांनी ती उलटून पाहावीत. स्टुडिओच्या नावाखाली वेलबुट्टीच्या चौकटीत पुष्कळदा एक इंग्रजी ओळ असते. तिचा अर्थ असा की निगेटिव्ह राखून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील. ही गिऱ्हाइकाची सोय होतीच, पण त्याहून अधिक ते धंद्याचे मर्म होते. गिऱ्हाइकाला मिळे तो कागद; काच राही दुकानात. पुढे मुलाची मुंज झाली, आजोबा वारले, थोरला नोकरीसाठी मुंबईला निघाला, की पुन्हा प्रत लागे, आणि ती काढायला त्याच दुकानाची पायरी चढावी लागे. छायाचित्र टिपण्याचे कसब, प्रकाशाचा अंदाज, रीटचिंगची पेन्सिल या सगळ्याची किंमत अशी प्रतींच्या भावात मुरवलेली असे. बिलात तिचे नाव कधी येत नसे.

इंदूर आणि हैदराबादच्या वाचकांना राजा दीनदयाळ यांचे नाव नव्याने सांगायला नको. १८६६ मध्ये हा रुडकीत शिकलेला तरुण इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या कामावर रुजू झाला. पुढे कॅमेरा हाती आला, नोकरी सुटली, आणि इंदूर, सिकंदराबाद व १८९६ मध्ये मुंबई असे स्टुडिओ उभे राहिले. दीनदयाळांच्या काचांवर क्रमांक घातलेले असत. क्रमांक हाच भांडवलाचा हिशेब. क्रमांक सांगावा आणि प्रत मागावी. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. म्हणजे चेहऱ्याची काच कोणाच्या ताब्यात राहते, ती कोण पाहतो, हा प्रश्न तेव्हाही घराघरांत होता. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. सगळ्याच स्टुडिओंच्या काचांचे नशीब एवढे थोर कुठले! असो.

काच ताब्यात असणे आणि तिच्यावर हक्क असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ठसठशीतपणे सांगितले गेले ते इंग्लंडात, १८८८ साली. रोचेस्टर गावच्या एका बाईंनी पैसे देऊन आपला फोटो काढून घेतला होता. फोटोग्राफरने त्याच काचेवरून नाताळची कार्डे बनवली आणि दुकानात विक्रीला मांडली. नवरा-बायको न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी दुकानदाराला मनाई केली. त्यामागचा विचार असा की, गिऱ्हाइकाने निगेटिव्ह त्याच्याकडे राहू दिली ती आपल्याला प्रती पुरवण्यापुरती. तिचा दुसरा उपयोग करण्याची मुभा त्या व्यवहारात नाही.

आपल्याकडे १९१४ मध्ये ब्रिटिश कॉपीराइट कायदा लागू झाला, तेव्हा सांगून, मोबदला देऊन काढवलेल्या छायाचित्राचा पहिला मालक गिऱ्हाईक ठरला. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्याने, कलम १७ मध्ये, तीच रीत कायम ठेवली. वेगळा करार नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. फोटोग्राफर हा त्या छायाचित्राचा ‘कर्ता’ खरा, कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकारही त्याचा. पण प्रती काढण्याचा मूळ अधिकार त्याचा नव्हे. अमेरिकेत पाऊल उलट पडले. ऑस्कर वाइल्डच्या एका छायाचित्रावरून १८८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेपोलियन सॅरोनी या फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटननेही १९८८ च्या कायद्याने मालकी फोटोग्राफरकडे नेली, मात्र घरगुती प्रसंगाचे फोटो परस्पर लोकांपुढे मांडू न देण्याचा अधिकार गिऱ्हाइकाकडे ठेवला. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

आमच्या स्टुडिओवाल्यांना कलम १७ ठाऊक नव्हते आणि गिऱ्हाइकांनाही नव्हते, म्हणून कोणाचे काही अडले नाही. बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्ह, पाकिटावर नंबर, नंबर वहीत. रोलच्या काळात एका रोलवर ३६ फोटो, आणि बिल प्रतींच्या संख्येवर. रोल संपला तरी पाहुण्यांचे मन राखायला नुसताच फ्लॅश मारणाऱ्यांच्या गोष्टी कोणी ऐकल्या नाहीत? त्या विनोदातही हिशेब आहे: चकाकीला पैसे पडत नव्हते, फिल्मला आणि कागदाला पडत होते.

डिजिटल कॅमेरे आले आणि २००० नंतर दहा-पंधरा वर्षांत फिल्म आणि कागद दोन्ही सरले. राखून ठेवण्यासारखी काच उरली नाही. फाइलीची प्रत मूळ फाइलीसारखीच निघते. एकदा पेन ड्राइव्हमध्ये गेली की दुकानाची पायरी चढायचे कारण संपले. मग फोटोग्राफरांनी जमेल तशी काच पुन्हा उभारली. निवडीसाठी पाठवायचे फोटो लहान आकाराचे, आडवे नाव छापलेले. मोठी फाइल उरलेली रक्कम आल्यावर. ४ बाय ६ इंचांची चांगली प्रत काढायला सुमारे १,२०० गुणिले १,८०० ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोठा करून छापला की फुटतो तो यामुळे. आणि ‘रॉ’ फाइल तर बहुतेक जण देतच नाहीत. तो आचाऱ्याचा कच्चा शिधा आहे, असे एकजण मला म्हणाला.

जाहिरात आणि छापखान्याच्या धंद्यात यापेक्षा चोख रीत आहे. १९४७ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ, कापा आदींनी ‘मॅग्नम’ काढली ती हक्क फोटोग्राफरकडे राहावा म्हणूनच. तिथे चित्र विकत नाहीत, वापर विकतात: कुठे छापणार, किती प्रती, किती मुदत. पण तिथेही इंटरनेटने भाव पाडला. २००० मध्ये निघालेल्या ‘आयस्टॉकफोटो’ने जे चित्र शेकडो डॉलरना जात असे तसे चित्र डॉलर-दोन डॉलरना देऊ केले, आणि २००६ मध्ये ‘गेटी’ने ती कंपनीच ५ कोटी डॉलरना घेतली.

लग्नाच्या फोटोग्राफरला हा मार्ग मोकळा नाही. नवरीचा फोटो दुसरा कोण विकत घेणार? त्याने पूर्वी प्रतीत मुरवलेली किंमत आता उघड मागितली पाहिजे. समजा, लग्नाचे ३०,००० ठरले. एक दिवस मांडवात, चार दिवस संगणकापुढे, हाताखालचा पोरगा, कॅमेऱ्याची झीज, अल्बमची छपाई, हे सारे त्यात आले. मग फाइलीही त्यातच द्याव्यात, कारण करार नसेल तर कायद्याने हक्क गिऱ्हाइकाचाच आहे. ‘सॉफ्ट कॉपीचे वेगळे’ म्हणणाऱ्याचा मेहनताना रास्त असतो, पण त्याला दिलेले नाव चुकीचे असते.

दुसरी बाजूही आहे. पूर्वी शोकेसमध्ये शेजारच्या गल्लीतली नवरी दिसे. आज तीच नवरी फोटोग्राफरच्या इन्स्टाग्रामवर दिसते. त्यासाठी विचारायला हवे. रोचेस्टरच्या बाईंची तक्रार याहून निराळी नव्हती.

अलीकडे आमच्याकडची काही बिले मी मुद्दाम पाहिली. वर कन्नड, खाली मराठी, अटी इंग्रजीत. एकावर शेवटची अट होती: कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी फाइली पुसल्या जातील, त्यानंतर दुकान जबाबदार नाही. खाली वधूपित्याची सही होती.