खिशातल्या यंत्राचा धनी कोण? आभासी यंत्राचा इतिहास

१/ फेब्रुवारी २०२२. गूगलच्या पिक्सेल ६ फोनवर एका विकासकाने चक्क विंडोज ११ चालवून दाखवले. अनेकांना ती निव्वळ गंमत वाटली. वास्तविक त्या दिवशी अर्धशतकाहून जुनी एक कल्पना खिशापर्यंत पोहोचली होती. आजचा धागा तिच्या प्रवासाविषयी.

२/ प्रारंभ केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे. १९६०च्या दशकात संगणक खोली व्यापणारा आणि अतिशय महाग असे. तो अनेकांनी वाटून घेणे अपरिहार्य होते. त्यासाठी आयबीएमची अधिकृत भिस्त टीएसएस/३६० या प्रणालीवर होती. रॉबर्ट क्रीसी यांच्या छोट्या चमूने मात्र वेगळी वाट धरली.

३/ प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्याऐवजी अख्ख्या यंत्राचा आभास द्यावा, ही ती वाट. जानेवारी १९६७मध्ये वापरात आलेली सीपी-४० ही प्रणाली एका संगणकावर एकाच वेळी १४ आभासी यंत्रे चालवू शके. १९७२ साली हीच कल्पना व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांपुढे आली. टीएसएस मागे पडली. व्हीएमचा वंश आजही नांदतो आहे.

४/ १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या कल्पनेला सैद्धांतिक कसोटी दिली. पाहुण्या प्रणालीची प्रत्येक संवेदनशील आज्ञा अडली पाहिजे आणि सूत्रे देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती गेली पाहिजेत. हा देखरेख करणारा म्हणजेच हायपरवायझर.

५/ घरोघरी पोहोचलेले इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर या कसोटीस उतरत नव्हते. काही आज्ञा अडण्याऐवजी मुकाट्याने निराळेच वागत. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञांचे चालता चालता भाषांतर करून मार्ग काढला. प्रोसेसरमध्येच सोय आली ती २००५-०६च्या सुमारास.

६/ फोनमधील आर्म प्रोसेसरांचा दोषही असाच होता. आर्मने २०१०मध्ये आभासीकरणाची जोड जाहीर केली आणि २०१३मध्ये लिनक्स ३.९मधील केव्हीएम तिचा वापर करू लागले. साधन सिद्ध झाले. तरीही अनेक फोनांत हायपरवायझरची ही पातळी निर्मात्यांनी स्वतःच्याच ताब्यात ठेवली.

७/ येथे एक भेद ध्यानी घ्यावा. इम्युलेशनमध्ये परक्या प्रोसेसरच्या आज्ञांचे भाषांतर करावे लागते, म्हणून वेग मंदावतो. आभासीकरणात बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवर चालतात. पिक्सेलवरचे विंडोज आर्मसाठीच घडवलेले होते. म्हणून ते सुसह्य वेगाने चालले.

८/ आयफोनची कथा निराळी. आज्ञांचे वेगवान भाषांतर करण्याची मुभा ॲपल त्रयस्थ ॲपना सहसा देत नाही. यूटीएम एसई हे ॲप जून २०२४मध्ये नाकारले गेले, जुलैमध्ये स्वीकारले गेले; मात्र त्या मुभेविना, म्हणजे संथ गतीने. अडसर यंत्राच्या शक्तीचा नव्हता, परवानगीचा होता.

९/ गूगलने अँड्रॉइड १३मध्ये आभासीकरण आणले ते मुख्यतः संवेदनशील कामे अलग ठेवण्यासाठी. विंडोजचा प्रयोग त्याच दारातून आत शिरला. मार्च २०२५मध्ये पिक्सेल फोनांवर टर्मिनल ॲप आले आणि डेबियन लिनक्स आभासी यंत्रात अधिकृतपणे चालू लागले.

१०/ इतिहासातील विरोधाभास पाहा. १९६७ साली यंत्र संस्थेचे होते. आभासी यंत्राने वापरकर्त्याला धनीपणाचा भास दिला. आज फोन आपल्या पैशाचा आहे, पण त्यावर काय चालावे हे पुष्कळदा निर्माताच ठरवतो. आपल्याच फोनवर धनी म्हणून वावरण्यासाठी आपल्याला पुन्हा त्याच आभासाचा आधार घ्यावा लागतो. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत: हे यंत्र काय करू शकते, आणि ते करू देण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

धागा समाप्त.