मिनीचं फ्लायव्हील

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं जड चाक, हलकं केलं की इंजिनाची ताकद वाढते, हा समज गॅरेजांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ताकद तसूभरही वाढत नाही. इंजिन झटकन फेरे घेऊ लागतं, गाडी सिग्नलवरून उसळून निघते आणि चालवणाऱ्याला वाटतं, चार-पाच हॉर्सपॉवर फुकटात पदरात पडल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मिनी या चिमुकल्या गाडीभोवती ट्यूनिंगचा मोठा धंदा उभा राहिला, त्यात असले आभास भरपूर विकले गेले. खरे कारागीरही त्याच धंद्यात होते.

मी मूळचा कोल्हापूरचा. लेथवर हात बसला तो शिवाजी उद्यमनगरात. नोकरीची वर्षं मात्र बर्मिंगहॅमच्या बाजूला गेली. आमच्याकडे गुऱ्हाळावरच्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील हलवायला दोन गडी लागत. ते कातून हलकं करू म्हणणाऱ्याला मेस्त्रींनी हाकलूनच दिलं असतं, आणि ते बरोबरच होतं. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो. उरलेला वेळ ते जड चाकच इंजिनाला ओढून नेतं. मिनीला चार सिलिंडर, म्हणजे एका फेऱ्यात दोनदा जोर. तिथे चाक हलकं करायला वाव आहे. पण थोडाच.

मिनी जन्माला आली ती पेट्रोलच्या टंचाईतून. १९५६ मध्ये सुएझचा पेच उभा राहिला, ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर गेलं, आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या लिओनार्ड लॉर्ड यांनी ॲलेक इसिगोनिस यांना छोटी गाडी करायला सांगितलं. अट एकच: इंजिन कंपनीकडे आहे त्यातलंच वापरायचं. ते होतं ए-सिरीज, १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० या गाडीत ८०३ सीसीचं म्हणून आलेलं. इसिगोनिस यांनी ते आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सम्पमध्ये घातला आणि दोघांना एकच तेल दिलं. नमुन्याच्या गाडीत ९४८ सीसीचं इंजिन होतं. ती ताशी ९० मैलांच्या पुढे पळायला लागल्यावर ते ८४८ सीसीवर आणलं. २६ ऑगस्ट १९५९ ला गाडी बाजारात आली तेव्हा तिची ताकद ३४ हॉर्सपॉवर होती, तीही मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना. अशा गाडीला जड फ्लायव्हीलच शोभतं. चढावर नवशिक्याने क्लच वेडावाकडा सोडला तरी इंजिन बंद पडत नाही.

मग शर्यतवाल्यांची नजर पडली. जॉन कूपर यांच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० असे सलग दोन फॉर्म्युला वन किताब मिळवले होते. त्यांच्याच नावाने १९६१ मध्ये ९९७ सीसीची, ५५ हॉर्सपॉवरची मिनी कूपर आली आणि १९६३ मध्ये कूपर एस. १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकली; १९६६ मध्येही पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली. तो निकाल मला आजही पोरकट वाटतो. विल्टशरमधल्या डाउनटन गावात डॅनियल रिचमंड आणि त्यांची पत्नी बंटी यांचं छोटं वर्कशॉप होतं. तिथून निघालेल्या मिनीचा वेग पाहून खुद्द ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने रिचमंडना सल्लागार नेमलं. त्यांची ख्याती सिलिंडर हेडच्या कामाची: हवा आत कशी जाते आणि धूर बाहेर कसा पडतो, इथून सुरुवात. फ्लायव्हीलची पाळी नंतरची. हा क्रम मला धंद्यातलं खरं शहाणपण वाटतो.

आता हिशेब करू. मध्यापासून १० सेंटीमीटरवरून ३ किलो धातू काढला असं धरा. जुन्या ८४८ सीसी मिनीत पहिल्या गिअरला रस्त्यावरच्या चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे १३.७ फेरे होतात, टॉपला ३.८. फरक या आकड्यांच्या वर्गाने पडतो. म्हणून पहिल्या गिअरमध्ये त्या ३ किलोंचा परिणाम गाडीतून जवळजवळ १०० किलो उतरवल्यासारखा, आणि टॉपमध्ये फक्त ७ किलोंचा. गाडीच मुळात सहाशे किलोंच्या आसपासची, त्यामुळे पहिल्या गिअरला बसलेला हिसका खोटा नसतो. मात्र तोच धातू मध्यापासून ५ सेंटीमीटरवरून काढला तर फायदा चौथा हिस्साच. आतून भोकं पाडून चाक चाळणीसारखं करणारे लोक वजन घटवतात आणि ताकदीची जागा पोकळ करतात.

मिनीचं फ्लायव्हील काढायला इंजिन उतरवावं लागत नाही; उजवीकडचं झाकण काढलं की ते समोर येतं. म्हणूनच हौशी लोकांनी हे काम शनिवार-रविवारात घरीच सुरू केलं. पण ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट रुतलेलं असतं, खास पुलर लागतो. आणि पुलर लावण्यापूर्वी क्रँकच्या टोकाची खाच आडवी आणावीच लागते. नाही तर आतला अर्धगोल वॉशर खाली सरकून अडकतो आणि चाक निघता निघत नाही. परत बसवताना दोन्ही निमुळते पृष्ठभाग घासपेस्टने एकमेकांवर बसवून घ्यायचे. फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि कव्हर यांवरच्या खुणा जुळवायच्या आणि सगळा संच एकत्र बॅलन्स करायचा. नुसतं चाक बॅलन्स करून आणणारे पुष्कळ पाहिले; महिन्याभरात त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागतं.

चाक फुटण्याच्या धोक्याचं मात्र गंभीरपणे बोललं पाहिजे. ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण सोसत नाही. ५,५०० फेऱ्यांऐवजी ८,००० फेरे घेतले तर रिममधला ताण दुपटीहून जास्त होतो. आणि आडव्या इंजिनामुळे मिनीचं फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतं, उजव्या बाजूला. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत त्याच रेषेत मागे चालकाचे पाय असतात. म्हणून शर्यतीसाठी ओतीव चाक कातत बसण्याऐवजी सरळ स्टीलचं घ्यावं.

रस्त्यावरच्या गाडीत हलक्या चाकाची किंमत इंजिन मंद फिरताना मोजावी लागते. मिनीत क्रँककडून गिअरबॉक्सला जोर तीन गिअरच्या साखळीतून जातो. चाक फार हलकं केलं की मंद गतीला इंजिन अडखळतं आणि हे गिअर खडखडायला लागतात. मग लोक आयडलिंग वाढवून ठेवतात आणि पेट्रोल जाळतात.

तेव्हा गावातल्या गावात चालवायची मिनी असेल तर चाकाला हात लावू नका. डोंगरातल्या वळणांवर मजेने चालवायची असेल तर बाहेरच्या कडेकडून थोडाच धातू काढा, रिंग गिअरखालची जाडी आणि क्लचचा पृष्ठभाग सोडून, आणि काम जाणत्या टर्नरकडूनच करून घ्या. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी हेड करून घ्या.