सोऱ्याचे वाळवंट

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्या दरम्यान जो अरुंद, रखरखीत पट्टा दिसतो, तेच अटाकामाचे वाळवंट होय. पूर्वेकडील बाष्प अँडीज अडवितो. पश्चिमेस हंबोल्टचा शीत प्रवाह वाहतो. त्यामुळे समुद्र उशाशी असूनही तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. किनाऱ्यावर दाटणारे ‘कामांचाका’ नावाचे धुके हाच काय तो ओलावा.

परंतु या अनावृष्टीतच तेथील संपत्तीचे मूळ आहे. सोरा पाण्यात सहज विरघळतो. पाऊस असता तर तो केव्हाच वाहून गेला असता. बिहारमधील सोरा एके काळी युरोपच्या तोफांस दारू पुरवीत असे, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो पोटॅशियमचा, अटाकामातील सोडियमचा. एकोणिसाव्या शतकात खतासाठी व स्फोटकांसाठी या दुसऱ्या सोऱ्यास मोठी मागणी आली.

अँटोफागास्ताचा किनारा तेव्हा बोलिव्हियाचा होता. सोरा खणणारी कंपनी मात्र चिलीची. चिलीच्या उद्योगांवर २५ वर्षे करवाढ करणार नाही, असे बोलिव्हियाने १८७४ च्या तहात मान्य केले होते. तरी १८७८ साली त्याने सोऱ्याच्या दर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर बसविला. कंपनीने तो नाकारला, तेव्हा जप्ती व लिलाव ठरला. लिलावाच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ रोजी, चिलीचे सैन्य अँटोफागास्तात उतरले. पेरूही युद्धात ओढला गेला. १८८४ पर्यंत बोलिव्हियाने सारा किनारा, तर पेरूने तारापाका प्रांत गमावला. सरकारी कागदांत आयुष्य वेचणाऱ्या आमच्यासारख्यांस त्या १० सेंटाव्होंच्या नोंदीचा विसर पडणे कठीण आहे.

विजयाचे फळ मजुरांस मिळाले नाही. डिसेंबर १९०७ मध्ये इकिके येथील सांता मारिया शाळेत जमलेल्या संपकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. ज्यांची राष्ट्रे एकमेकांशी लढली होती, ते चिली, पेरू व बोलिव्हिया यांचे मजूर तेथे एकत्र मेले.

आणि तो सोरा तरी कोठे टिकला? १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याचा कारखाना सुरू झाला आणि पुढील दोन दशकांत वाळवंटातील वसाहती ओस पडू लागल्या. त्यांपैकी हंबरस्टोन व सांता लॉरा यांस २००५ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. आज प्रवासी तेथील गंजलेली यंत्रे पाहतात. एल तातियोची उष्णोदकाची कारंजी पाहतात.

बोलिव्हिया मात्र आजही २३ मार्च हा ‘समुद्रदिन’ पाळतो व समुद्राविना नौदल बाळगतो. सागरी मार्गाविषयी वाटाघाटी करण्यास चिली बांधील नाही, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला.

आता अटाकामाच्या मिठागरातील खारे पाणी उन्हात आटवून लिथियम काढतात. जग पुन्हा त्या वाळवंटाच्या दारी उभे आहे, आणि मिठागराकाठचे अटाकामेन्यो लोक आपल्या पाण्याविषयी विचारीत आहेत. सोऱ्याचा इतिहास ज्याने वाचला, त्यास हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.