लढाईने झिजलेली आगगाडी

वालूरचा माणूस आगगाडी गाठायची म्हटले की सेलूची वाट धरतो. सेलू-परभणीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० सालच्या सुमारास सुरू झाला. तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १९३० साली ही रेल्वे निजाम सरकारच्या मालकीची झाली.

पुढे १९३९ साली महायुद्ध पेटले. आपल्या मुलखातल्या रुळांवर काही बॉम्ब पडले नाहीत. पण देशातल्या रेल्वेची झीज मात्र फार झाली. इंजिने आणि वाघिणी मध्यपूर्वेकडे रवाना झाल्या. रेल्वेच्या कारखान्यांत दुरुस्तीऐवजी युद्धसामग्री तयार होऊ लागली. काही फाटे तर चक्क उखडले. कांगडा खोऱ्यातला नगरोटा ते जोगिंदरनगर हा मार्ग १९४२ साली काढला, तो १९५४ साली पुन्हा घातला. बारा वर्षे तिथली गाडी बंद! उरलेल्या गाड्यांवर ओझे वाढले. बैलाला रोज जुंपायचे आणि वैरण मात्र तोडायची, असा तो प्रकार.

त्यातच १९४७ साली फाळणी झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० साली निजामाची रेल्वे भारत सरकारकडे आली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत सामील झाली.

आता प्रश्न आला, नवे रूळ घालायचे की जुने सावरायचे? १९५१ च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेने आधी जुने सावरायचे ठरवले. चित्तरंजनला १९५० पासून इंजिने, पेरांबूरला १९५५ पासून डबे तयार होऊ लागले. मीटर गेजची इंजिने जमशेदपूरला टेल्कोने बांधली.

निर्णय शहाणपणाचा होता, पण त्याची किंमतही होती. पैसा आणि पोलाद दोन्ही मोजके. नव्या कामांना थांबावे लागले. आपल्या भागात रुंद रूळ आले ते १९९० नंतरच्या दशकात. तोवर मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. त्यात हमाली जाई, वेळ जाई, आणि तो भार अखेर शेतकऱ्याच्याच मालावर पडे.

गुरुजी, मुलांना सेलूच्या स्टेशनावर न्याल तेव्हा एवढे जरूर सांगा : लढाई थांबली म्हणजे तिचा खर्च थांबत नाही. तो पुढची पिढी फेडत असते.