गवताच्या पोटातला स्लीपिंग पार्टनर

गवत या विषयावर आपल्याकडे फारसे कुणी लिहीत नाही. खाणारे लिहीत नाहीत आणि लिहिणारे खात नाहीत, हे त्याचे कारण असावे. मराठी मध्यमवर्गीयाचा गवताशी संबंध म्हणजे गणपतीच्या दूर्वा आणि सोसायटीच्या टाकीमागे वाढलेले रान. अमेरिकेत मात्र घरापुढची हिरवळ हा अब्रूचा प्रश्न आहे. तिथे माणसाची पत पासबुकावरून ठरत असेल-नसेल, लॉनवरून नक्की ठरते.

हे मला कळले ते माझ्या थोरल्या साडूंमुळे. ते नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅरी नावाच्या गावी राहतात. २०२४ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. (बँकेची एल.टी.सी. अटलांटिक ओलांडत नाही. एक ठेव मोडली.) पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी साडू पाठीला पंप लावून अंगणात उभे. म्हणाले, "साडूभाऊ, या बर्म्युडाने नुसता उच्छाद मांडलाय. मारून टाकतो सगळा!" मी वाकून पाहिले. बर्म्युडा म्हणजे आपली हराळी. दूर्वा! आमच्या हिने "अगबाई, चतुर्थीच्या दिवसांत?" म्हणत पंपाच्या आधी धाव घेतली आणि एकवीस दूर्वांची जुडी खुडून आणली. मग साडूंनी उरलेल्या दूर्वांवर तणनाशक मारले. गणपतीने दोघांचेही ऐकून घेतले असावे.

साडूंचाही नाइलाज आहे. ते ज्या पट्ट्यात राहतात तिथे उत्तरेकडची थंडीतली गवते उन्हाळ्यात करपतात आणि दक्षिणेकडची उन्हाळी गवते, म्हणजे आपली हराळी वगैरे, थंडीत पिवळी पडून झोपतात. दोन्ही ऋतूंत बऱ्यापैकी हिरवे राहते ते टॉल फेस्क्यू. जमीन बरी असली तर मुळे दोन-तीन फूट खोल जातात, म्हणून ते तग धरते. आता हे गवत अमेरिकेचे नव्हेच. मूळचे युरोप आणि उत्तर आफ्रिकेतले. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या एका फेस्क्यूच्या बियाण्यात भेसळ म्हणून ते अमेरिकेत आले असावे असे जाणकार मानतात. म्हणजे एंट्रीच 'सस्पेन्स अकाउंट'ला पडलेली.

ती एंट्री उघडकीस आली १९३१ साली. केंटकी विद्यापीठाचे प्रोफेसर ई. एन. फर्गस फ्रेंचबर्ग नावाच्या डोंगराळ गावी गेले होते. कशासाठी, तर ज्वारीच्या गोड धाटांच्या काकवीची स्पर्धा होती, तिचे परीक्षक म्हणून! तिथे त्यांच्या कानावर आले की विल्यम सूटर नावाच्या शेतकऱ्याच्या उतारावर एक गवत आहे आणि ते ऐन हिवाळ्यात हिरवे असते. प्रोफेसर बघायला गेले. गवत तिथे १८९० च्याही आधीपासून होते. चाळीस-पन्नास वर्षे गुरे ते खात होती, शेतकरी ते बघत होता, कुणी त्याचे नावही विचारले नव्हते. फर्गसनी बी नेले, बारा वर्षे पारखले आणि १९४३ साली 'केंटकी ३१' या नावाने बाजारात सोडले. नुसत्या चवीच्या परीक्षणाला गेलेल्या माणसाने एवढे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्याकडे परीक्षक चहा घेतात आणि निकाल राखून ठेवतात.

गवत धावत सुटले. उघड्या पडलेल्या, माती वाहून गेलेल्या टेकड्या त्याने झाकल्या. पुढे अमेरिकेत त्याचा पसारा सुमारे साडेतीन कोटी एकरांवर गेला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याला थोडा कमी!

पण गुरांचे काहीतरी बिनसले. उन्हाळ्यात ती धापा टाकत, डबक्यात जाऊन उभी राहत, हिवाळी केस भर उन्हात तसेच अंगावर. वजन वाढेना, दूध आटे. थंडीत त्याहून वाईट. पायांचा रक्तपुरवठा कमी होई, गाय लंगडू लागे आणि कधी कधी चक्क खूर गळून पडत. गाभण घोड्यांचे दिवस उलटत, शिंगरे दगावत. शेतकरी म्हणे, गवतात खोट आहे. प्रयोगशाळा म्हणे, गवतात प्रथिने आहेत, सगळे आहे, उत्तम आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रकार परिचयाचा आहे. लेजर टॅली होते आणि तिजोरीत रोकड कमी भरते. अशा वेळी चूक आकड्यांत नसते. वहीत ज्याचे नावच नाही असा कुणीतरी आत असतो.

तो सापडायला १९७७ उजाडले. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी (ग्रीकांचे ते वेगळे) सरकारी शेती खात्याच्या प्रयोगशाळेत चार्ल्स बेकन आणि त्यांचे सहकारी होते. त्यांनी दोन कुरणे ताडून पाहिली. गवत तेच, पण एकावर गुरे आजारी, दुसऱ्यावर ठणठणीत. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर आजारी कुरणातल्या गवताच्या पेशींमधून एक बुरशी राहताना दिसली. दुसऱ्या कुरणात ती जेमतेम दहातल्या एका रोपात. बाहेरून पाहावे तर पानावर डाग नाही, ठिपका नाही. हवेतून पसरत नाही, शेजारच्या रोपाला लागत नाही. बियांतून पुढच्या पिढीत जाते, एवढेच. मध्ययुगात युरोपात राय धान्यावरच्या अर्गट बुरशीने माणसांची बोटे झडत, त्याच जातीची विषे ही बाई गवताच्या पोटात बसून तयार करीत होती.

आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात १९३२ चा भागीदारी कायदा होता, आणि परीक्षेला हमखास येणारा स्लीपिंग पार्टनर होता. दुकानाच्या पाटीवर नाव नाही, गल्ल्यावर बसत नाही, पण धंद्यात भांडवल त्याचे. ही बुरशी तशीच. गवत तिला राहायला जागा देते, जेवण देते, पुढच्या पिढीपर्यंतचा प्रवास फुकट घडवते. आणि ती?

हा प्रश्न वेळीच कुणी विचारला नाही. १९८० नंतर बुरशीविना बियाणे निघाले. गुरे खूश झाली, शेतकऱ्यांनी खर्च करून कुरणे नव्याने पेरली. दुष्काळाचे एक-दोन उन्हाळे आले, गुरांनी जरा जास्त ओरबाडले आणि बऱ्याच ठिकाणी ते गवत मरून गेले. किडी दूर ठेवणे, कोरड्यात तग धरणे, हे सगळे झोपलेला भागीदारच बघत होता! १९९३ च्या एका अंदाजाप्रमाणे गुरांचे नुकसान वर्षाला साठ कोटी डॉलर होते, आणि त्यावरचा उपाय स्वतःच मरत होता. कर्ज काढून कुरण बदललेल्या माणसाच्या घरी त्या वर्षी काय बोलणे झाले असेल, ते काउंटरच्या अलीकडून मला चांगले ऐकू येते. शेवटी जो बाऊटन यांनी न्यूझीलंडच्या संशोधकांबरोबर गुरांना न बाधणारी बुरशी निवडून गवतात बसवली, आणि २००० साली ते बियाणे विक्रीला आले. भागीदार ठेवला, फक्त माणूस बदलला. तरीही जुने केंटकी ३१ कितीतरी कुरणांवर अजून उभे आहे. ते काढायचे म्हणजे निदान एक हंगाम चराई बंद, आणि तेवढे दिवस हप्ता थांबत नाही.

लॉनवाल्यांचे गणित नेमके उलटे. साडूंची हिरवळ कुणी चरत नाही. त्यांना ही बुरशी हवीच असते, कारण पाने कुरतडणाऱ्या किडी तिला टाळतात. केंटकी ३१ चे पान मात्र रुंद आणि राठ, दिवाणखान्यापुढे शोभत नाही. रटगर्स विद्यापीठातल्या रीड फंक यांनी १९८० च्या सुमारास 'रेबेल' ही बारीक पानाची, गर्द जात आणली, आणि तिच्या पुढच्या पिढ्या आज दुकानात पोत्यांनी मिळतात.

पोते घेताना मी साडूंना चित्रावरून हलवले आणि लेबलाकडे नेले. अमेरिकेत १९३९ च्या कायद्याने बियाण्याचा ताळेबंद छापावाच लागतो. शुद्धता ९८ टक्के, उगवण ८५ टक्के. गुणाकार करा, शंभरातले ८३ च कामाचे. तणाचे बी किती तेही तिथेच असते, आणि ते शून्याच्या जितके जवळ तितके बरे. सगळ्यात महत्त्वाची चाचणीची तारीख. बी जुने झाले तरी उगवते, पण आतली बुरशी आधी मरते. म्हणजे स्वस्तातले जुने पोते घेतले तर दुकान चालू आणि भागीदार स्वर्गवासी.

पेरणी सप्टेंबरात, हजार चौरस फुटांना पावणेतीन किलो. (आमच्याकडे हजार चौरस फुटांत चार माणसे, दोन कपाटे आणि एक गणपती बसतो.) कापायचे ते तीन इंचांवर, त्याखाली नाही. पाणी रोज शिंपडायचे नाही, आठवड्यातून एक-दोनदाच पण खोल मुरेपर्यंत. उन्हाळ्यात नत्रखत बंद, नाहीतर दमट रात्री तपकिरी चट्टे पडतात. आणि हे गवत हराळीसारखे धावून टक्कल भरून काढीत नाही. जिथल्या तिथे झुबक्याने वाढते. जिथे मेले तिथे पुन्हा पेरावे लागते, म्हणून साडू दर सप्टेंबरला नवे पोते आणतात.