चौकटीबाहेरचा दुष्काळ

विलक्षण छायाचित्र दृष्टीस पडले की माणसाच्या तोंडून आधी आश्चर्याचा उद्गार निघतो आणि त्याच्या पाठोपाठ थट्टा. मेलेल्या वाघावर पाय रोवून मिशा पिळणारा साहेब, दोन डोक्यांचे वासरू, जटा जमिनीवर लोळणारा बैरागी, असली चित्रे पूर्वी आल्बमांतून दिवाणखान्यात हातोहात फिरत. आता ती खिशातल्या फोनवरून फिरतात, एवढाच काय तो फरक. ‘हे खरे असेल काय?’ असे एकजण विचारतो, दुसरा त्यावर कोटी करतो आणि पान उलटले जाते. या करमणुकीस नावे ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने आपल्यापैकी कित्येकांना जे शहर जवळचे झाले आहे, त्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, इतिहासात अशा छायाचित्रांचे एक प्रकरण आहे, आणि ते कोटी करून सोडून देण्याजोगे नाही.

छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात फार लवकर रुजली. मुंबईस 1854 साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत नाव मिळवणाऱ्या पहिल्या एतद्देशीयांपैकी एक होत. मद्रासेस दोन वर्षांनी, 1856 साली, तशीच संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी मद्रास सरकारने लिनीयस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्यास सरकारी छायाचित्रकार नेमले. ट्राइप हा मोठा काटेकोर गृहस्थ. मेणकागदाच्या प्रचंड निगेटिव्ह घेऊन तो मदुरा, श्रीरंगम्, तंजावर अशी तीर्थे हिंडला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याभोवती कोरलेल्या लेखांची त्याने 1858 साली 21 छायाचित्रे घेतली आणि ती जोडून सुमारे 19 फूट लांबीची एक पट्टी तयार केली. त्याच मंदिराच्या प्राकारावर सरफोजी राजांनी 1803 साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला आहे, हे तंजावरास जाऊन आलेल्या वाचकांस सांगावयास नकोच. (हाच ट्राइप आकाश कोरे दिसते म्हणून निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगवीत असे! कॅमेरा खोटे बोलत नाही, या वचनावर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पुढे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी छायाचित्रण ही सरकारी तिजोरीस न परवडणारी चैन ठरवून हे काम बंद केले.

आपले प्रकरण मात्र दुसऱ्या अधिकाऱ्याचे आहे. विलोबी वॉलेस हूपर हा मद्रासच्या घोडदळातील अधिकारी. सिकंदराबादेस असताना त्याने वेस्टर्न नावाच्या सहकाऱ्यासह वाघाच्या शिकारीची चित्रमाला काढली. तीतले प्रसंग मुद्दाम रचून घेतलेले होते, आणि साहेबलोकांत ती फार आवडली. असा हा रचनेत तरबेज माणूस 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळात कॅमेरा घेऊन उभा राहिला.

ही छायाचित्रे आजही पाहवत नाहीत. आठ-दहा माणसांचा एकेक गट, काही बसलेली, काही उभी, लहान मुले पुढे. बरगड्या मोजून घ्याव्यात, गुडघे मांडीहून जाड. मांडणी मात्र कुटुंबाच्या किंवा शाळेच्या वर्गाच्या छायाचित्रासारखी, व्यवस्थित. त्या काळच्या काचेच्या प्लेटीस हलके शरीर चालत नसे, म्हणून ज्यांना उभे राहवत नव्हते त्यांनाही क्षणभर निश्चल राहावे लागले असणार. एका चित्राखाली, ही माणसे विनामूल्य साहाय्यास पात्र आहेत, अशा अर्थाच्या ओळी आहेत. हे शब्द फायलीतले आहेत. आपण सारे फायलींत वावरणारी माणसे. त्या ओळीतील ‘पात्र’ या शब्दाची धार इतरांपेक्षा आपणांस अधिक जाणवावी.

पात्र म्हणजे कशास? येथे चौकटीच्या बाहेर जावे लागते. दुष्काळी खर्चावर देखरेख करण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेम्पल यांना मद्रासेस पाठविले. 1874 च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याबद्दल या गृहस्थांवर भरपूर टीका झाली होती. यावेळी त्यांनी हात आखडता घेतला. खडी फोडणाऱ्या मजुरास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असा दर 1877 च्या आरंभी ठरला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या दरास उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस जगू शकत नाही, हे ते आकडे देऊन सांगत राहिले. इकडे पुण्यास सार्वजनिक काकांच्या सभेने गावोगावच्या बातम्या गोळा करून मुंबई सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले, आणि आपल्याकडील मजुरांनी तर त्या दराने काम करण्याचेच नाकारले. मद्रास सरकारने अखेर दर वाढविला. टेम्पलसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळात मेलेल्यांची संख्या बहुतेक अंदाजांप्रमाणे 55 लाखांहून अधिक आहे. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याच वेळी धान्याच्या राशी पडल्या होत्या व त्यांवर पहारा होता.

हूपरच्या चित्रांत या राशी नाहीत, तो एक पौंड नाही आणि टेम्पल नाहीत. भुकेलेले आहेत, भूक ठरविणारे नाहीत. म्हणूनच पाहणाऱ्याने हळहळावे आणि ईश्वरी कोप म्हणून पान उलटावे, हे त्या चित्रांनी सोपे केले. त्यांचा उपयोग झाला नाही असे नव्हे. विलायतेत वर्गणी जमण्यास अशा चित्रांचा हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दराविरुद्धची लढाई लढली ती कॉर्निशच्या रुक्ष कोष्टकांनी आणि सभेच्या अर्जांनी. आणि ती कोष्टके कोणी आल्बममध्ये लावीत नाही.

हूपरचा पुढचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मंडाले पडल्यावर तेथे तो प्रोव्होस्ट मार्शल होता. बंडखोरांना गोळ्या घातल्या जात असताना तो नेमका क्षण टिपण्यासाठी त्याने कॅमेरा लावला, असा आरोप लंडनच्या ‘टाइम्स’ने जानेवारी 1886 मध्ये केला. पार्लमेंटात गदारोळ झाला, चौकशी झाली, कर्नलसाहेबांना ठपका मिळाला. शिक्षा सौम्यच होती, आणि 1887 साली ब्रह्मदेशाच्या 100 छायाचित्रांचा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला. दुष्काळाच्या चित्रांबद्दल मात्र असली चौकशी झाली नाही. मंडालेस बंदुका चौकटीत होत्या. मद्रासेस त्या चौकटीबाहेर राहिल्या.

दुष्काळी कामांपैकी एक आजही चेन्नईत दिसते. अड्यार आणि कूम या नद्यांना जोडणारा सुमारे 8 किलोमीटरचा कालवा 1877-78 साली उपाशी मजुरांकडून खोदविला गेला आणि त्याला गव्हर्नर बकिंगहॅम यांचे नाव मिळाले. मैलापूरच्या बाजूने जाताना उन्नत रेल्वेचे खांब त्याच्या काळ्या पाण्यात उभे दिसतात.